सारंगखेड्याचा घोडा आणि आयटी कायद्याचं एलएलएम

धुळ्याहून एका विद्यार्थिनीने विचारलंय: "मॅडम, मी साक्री तालुक्यातली. मराठी घेऊन बी.ए. केलं, आता एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात एलएलएम करायचं मनात आहे, पण कॉम्प्युटरचं शिक्षण नाही. चालेल का? की त्यापेक्षा सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा बरा? आणि शिकून मला परत धुळ्यालाच यायचंय. इथे हे काम मिळेल का? लॅपटॉप कोणता घ्यावा तेही सांगा."

ताई, तुमचा शेवटून दुसरा प्रश्न आधी घेते. घरचे तुम्हाला तोच विचारत असणार.

मी जळगावच्या जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं वकिली करते. एलएलएम केलं ते वकिलीच्या अकराव्या वर्षी. वर्गातली पोरं मला आधी प्राध्यापिका समजली आणि मग आठवडाभर "काकू" म्हणत राहिली. तेव्हा आमच्या बाररूममध्ये सायबर म्हटलं की "ते मुंबई-पुण्याचं काम" असं ऐकायला मिळायचं. आज माझ्या टेबलावर काय आहे ते सांगते.

फैजपूरचा एक केळी व्यापारी आहे. त्याच्या चालू खात्यात कुणीतरी मालाचे म्हणून अकरा हजार रुपये यूपीआयने टाकले. ते पैसे तीन खाती फिरून आलेले होते आणि मूळ फसवणूक दुसऱ्याच राज्यातली होती. तिथल्या पोलिसांचा ईमेल आला आणि बँकेने अख्खं खातं गोठवलं. अकरा हजारांपायी साडेसात लाख अडकले, बागेत माल कापणीला आलेला, मजूर दारात उभे. आता बघा यात किती प्रश्न आहेत. पोलिसांनी हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली केलं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०२ खाली? मग त्यांनी मॅजिस्ट्रेटला लगेच कळवलं का? की हे गुन्ह्यातून आलेले पैसे म्हणून कलम १०७ चा रस्ता धरायला हवा होता, जिथे जप्तीचा हुकूम न्यायालय देतं? गोठवायचं ते वादातल्या रकमेपुरतं की सगळं? अर्ज करायचा तो तिकडच्या मॅजिस्ट्रेटकडे की इकडच्या? यातला एकही प्रश्न माहिती तंत्रज्ञान अधिनियमात सुटत नाही. तरी हे काम सायबरचंच आहे.

दुसरी फाइल चोपड्याच्या एका पोराची. त्याने स्वतःचं बँक खातं आणि सिमकार्ड चार पैशांसाठी कुणाला तरी वापरायला दिलं. आयटी कायद्याचं कलम ६६ड, म्हणजे तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणुकीचं, लागलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि कलम ७७ब मुळे गुन्हा जामीनपात्र. पण सोबत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८(४) लावलेलं आहे. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. त्याच कृत्याला विशेष कायदा असताना सामान्य कायदा लावता येतो का, यावर सगळा जामीन अर्ज उभा राहतो. अश्लीलतेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शरत बाबू दिगुमर्ती प्रकरणात विशेष कायद्याच्या बाजूने उत्तर दिलं. फसवणुकीला तेच तर्कशास्त्र कुठवर ताणता येईल, हे मांडायला एलएलएममध्ये केलेलं वाचन मला रोज उपयोगी पडतं.

याशिवाय पोटगीच्या अर्जातले व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आहेत, मुलीचे फोटो पसरवल्याच्या फिर्यादी आहेत, कामावरून जाताना ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर नेलेला कारकून आहे. आता नवीन काम येतंय ते पतसंस्था, दवाखाने आणि शाळांचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे हे वाचून एका डॉक्टरांनी मला रात्री साडेदहाला फोन केला होता. तेव्हा काम आहे. फक्त दारावर "सायबर वकील" अशी पाटी लावून ते येत नाही. आधी चारचौघांसारखी वकिली करावी लागते, आणि त्या वकिलीतूनच हे काम हाती येतं.

आता हा विषय आहे तरी काय, ते बघू. गंमत अशी की विषयाच्या जन्मालाच एका न्यायाधीशाने तो विषयच नाही असं सांगितलं होतं. १९९६ साली शिकागो विद्यापीठात सायबर कायद्यावरच परिषद भरली होती. तिथे फ्रँक ईस्टरब्रुक हे न्यायाधीश म्हणाले की सायबर कायदा म्हणजे "घोड्यांचा कायदा". घोडे विकले जातात, घोडा लाथ मारतो, घोड्याच्या डॉक्टरची चूक होते, शर्यतीत बक्षिसावरून भांडण होतं. या सगळ्यांवर खटले असतात. म्हणून कुणी ते खटले एकत्र बांधून "घोड्यांचा कायदा" शिकवत नाही. करार, नुकसानभरपाई, मालमत्ता हे नीट शिकवा, घोड्याचं आपोआप येईल, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याला हे समजायला शिकागोला जायची गरज नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जा. तापीकाठी देशभरातले घोडे उतरतात, तोंडी सौदे होतात, इसार दिला जातो. घोडा घरी नेल्यावर लंगडा निघाला तर भांडण कोणत्या कायद्याचं? करार आणि मालविक्रीचं. घोड्याच्या जागी जुना मोबाइल ठेवा, यात्रेच्या जागी ॲप ठेवा, भांडण तेच राहतं.

तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, लॉरेन्स लेसिग यांनी उत्तर दिलं. इंटरनेटवर माणसाने काय करावं हे कायदा सांगतो खरा, पण तो काय करू शकतो हे आधी सॉफ्टवेअर ठरवतं. यात्रेतल्या मैदानाची आखणी कुणी एका कंपनीने केलेली नसते. ॲपची असते. व्हॉट्सॲपवर "सर्वांसाठी डिलीट" हे बटण आलं त्या दिवशी पुराव्याच्या कायद्यातलं एक अक्षरही बदललं नाही, पण माझ्या निम्म्या अशिलांचा पुरावा नाहीसा होण्याची सोय झाली. लेसिगना हेच म्हणायचं होतं, की आखणी कोण करतो आणि त्याला कोण विचारणार, हा नवा प्रश्न आहे आणि तो जुन्या चौकटीत पूर्ण मावत नाही.

माझं मत विचाराल तर जिल्हा न्यायालयात ईस्टरब्रुक जिंकतात आणि हायकोर्टात लेसिग. व्हॉट्सॲपसारख्या मध्यस्थ कंपन्यांना दुसऱ्यांच्या मजकुराबद्दल आयटी कायद्याच्या कलम ७९ खाली मिळणारं संरक्षण कुठे संपतं, सरकारने स्वतःच स्वतःबद्दलच्या बातमीला खोटं ठरवावं का, असे वाद खाली येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयात केंद्र सरकारच्या अशा तथ्य-तपासणी कक्षावर दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, तिसऱ्या न्यायमूर्तींचं मत सप्टेंबर २०२४ मध्ये आलं आणि ती नियमदुरुस्ती रद्द झाली. एलएलएममध्ये तुम्हाला दोन्ही टोकं वाचावी लागतील. पण ज्याला करार आणि पुराव्याचा कायदा कच्चा आहे, त्याने या विषयात एलएलएम करू नये. हे मी स्पष्ट सांगते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात मुळात ९४ कलमं होती, ती पाठ करायला महिना पुरतो. उरलेला काळ जुनाच कायदा नव्या वस्तूवर घासून बघण्यात जातो.

आणि म्हणूनच तुमचं मराठीचं बी.ए. आड येत नाही. कोडिंग शिकण्याची गरज नाही. पण यंत्र नोंदी कशा ठेवतं हे मात्र समजलं पाहिजे. मी कशी तोंडावर आपटले ते सांगते.

काही वर्षांपूर्वी एका बनावट प्रोफाइलच्या खटल्यात मी आरोपीच्या बाजूने होते. कंपनीकडून आलेल्या नोंदीत लॉगिनची वेळ २०:१० होती. दोषारोपपत्रात लिहिलं होतं, रात्री आठ वाजून दहा मिनिटं. आमचा पोरगा त्या वेळी पाचोऱ्याला लग्नाच्या वरातीत नाचत होता, व्हिडिओ होता, साक्षीदार होते. मी खुशीत होते. उलटतपासाच्या आदल्या रात्री कागद पुन्हा चाळताना वेळेपुढची तीन बारीक अक्षरं दिसली: यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. म्हणजे आपली वेळ साडेपाच तास पुढे, रात्री एक चाळीस. तेव्हा वरात संपून पोरगा घरी पोचलेला होता. माझा सगळा बचाव गेला. तपास करणाऱ्यांनी जी चूक केली होती, तीच मी दोन महिने पोटाशी धरून बसले होते.

मग रात्रभर बसून दुसरा धागा शोधला. नोंदीतला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक, मोबाइल कंपनीचा होता. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी एकाच वेळी कितीतरी ग्राहकांना वाटून देतात. नेमका ग्राहक शोधायला आयपी आणि वेळेसोबत पोर्ट क्रमांकही लागतो. तपासात तो मागवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी वरातीचं नाव न घेता एवढंच विचारलं, आणि त्या नोंदीचा भार तिथेच हलका झाला. तुम्हाला शिकायचंय ते इतपत: आयपी पत्ता, पोर्ट, सर्व्हरची वेळ, सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) आणि आयपीडीआर (इंटरनेट वापराच्या नोंदी) यातला फरक, आणि हॅश. गणित नको, पण या गोष्टी अंगवळणी पडल्या पाहिजेत.

हॅशवर जरा थांबते, कारण १ जुलै २०२४ पासून तो कायद्याच्या मजकुरातच आलाय. मुद्देमालाच्या पाकिटाला लाखेचं सील लावतात ना, तसंच हे. फाइल एका सूत्रातून घातली की तिच्यापासून अक्षर-आकड्यांची एक ओळ तयार होते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ सोबतच्या प्रमाणपत्रात ही ओळ लिहावी लागते, आणि कोणत्या पद्धतीने काढली तेही: एसएचए१, एसएचए२५६, एमडी५ किंवा अन्य. आता यातलं एमडी५ २००४ मध्येच कच्चं ठरलं होतं, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींची एकच ओळ येऊ शकते हे करून दाखवलं गेलं. एसएचए१ चं तेच २०१७ मध्ये झालं. तरी २०२३ च्या कायद्याच्या नमुन्यात दोन्ही आहेत. हे वाचून नवशिका वकील उलटतपासात उड्या मारतो. थांबा. मुद्दाम बसून दोन फाइली जुळवणं वेगळं, आणि आधीच जप्त झालेल्या फाइलीला जुळणारी दुसरी बनवणं वेगळं. दुसरं फार अवघड आहे. जाणकार साक्षीदार हे सांगून तुमचा मुद्दा दोन वाक्यांत मोडेल. कायदा आणि यंत्र दोन्हीकडून प्रश्न तपासायची ही सवय डिप्लोमातून लागत नाही. डिप्लोमात हॅशची व्याख्या मिळते.

याच प्रमाणपत्राच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या शेजारच्या जालन्याचा आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर २९६ मतांनी आले आणि कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका केली. वाद असा की खोतकरांचा उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत दाखल झाला की नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण होतं, त्याच्या सीडी होत्या, पण जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र नव्हतं. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानून २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी कायदा पक्का केला: मूळ यंत्रच न्यायालयात आणून मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र नको, नाहीतर ते हवंच. पण पक्षकाराने हातचं सगळं करूनही समोरचा देत नसेल, तर अशक्य गोष्ट कायदा मागत नाही. अपील फेटाळलं गेलं. हा निकाल मुळातून वाचा, टिपणातून नको. आणि वाचताना लक्षात घ्या की आयटी कायद्याचं आक्षेपार्ह संदेशांबद्दलचं कलम ६६अ रद्द करणारा २०१५ चा श्रेया सिंघल निकालही ज्या अटकेतून पेटला, ती पालघरची होती. दोन फेसबुक वापरणाऱ्या मुली, २०१२ साल. या शाखेचे मोठे प्रश्न लहान गावांतून निघालेत.

म्हणून प्रबंधाचा विषय धुळ्याच्या न्यायालयातून उचला. माझ्या मते एलएलएमचा अर्धा जीव प्रबंधात असतो, आणि बहुतेक मुलं तिथेच "कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी हक्क" असं आभाळाएवढं काहीतरी घेऊन इंटरनेटवरून भरतात. तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा चांगला माल आहे. कलम ६३ चं प्रमाणपत्र आता दोन भागांत आहे. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. शिंदखेड्याच्या शेतकऱ्याने व्यापाऱ्याच्या व्हॉट्सॲप मेसेजवर दिवाणी दावा लावला तर भाग ब साठी तज्ज्ञ कुठून आणायचा? कोण चालतो, कोणाला हरकत घेतली जाते, न्यायालय काय म्हणतं? शंभर फाइली बघून हे लिहिलंत तर हायकोर्टातले वकीलही मागून वाचतील.

किंवा भाषा घ्या. माझ्याकडे अमळनेरचा कापसाच्या व्यवहाराचा दावा होता. करार मेसेजवर झाला होता. त्याला आयटी कायद्याच्या कलम १०अ मुळे मान्यता आहे, तिथे अडचण नव्हती. अडचण एका व्हॉइस नोटची होती. व्यापारी अहिराणीत म्हणतो, "माल भरी दे, पैसास्नं दखसूत." लिप्यंतर करणाऱ्याने लिहिलं, "पैशांचं बघून घेऊ." समोरच्या वकिलांचं म्हणणं, यात देण्याचं वचन नाही, नुसती टाळाटाळ आहे. तुम्ही साक्रीच्या, तुम्हाला ठाऊक आहे की कोण कुणाला कोणत्या सुरात म्हणतो त्यावर त्या "दखसूत"चा अर्थ ठरतो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला तो शब्द जवळजवळ हमीच असतो. हॅशने फाइल खरी ठरते, शब्दाचा अर्थ ठरत नाही. नंदुरबारकडे पावरी आणि भिलीतल्या व्हॉइस नोटांचं तर याहून अवघड आहे. बोलीतल्या ध्वनिमुद्रित पुराव्याचं भाषांतर कोण करतं, त्याची उलटतपासणी कशी होते, यावर मराठीची बी.ए. झालेली, अहिराणी बोलणारी वकील मुलगी जे लिहील ते कॉम्प्युटर इंजिनिअरला जमणार नाही.

तिसरा एक विषय मला स्वतःला करायचा होता. आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली ५ कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जातात, म्हणजे राज्याच्या आयटी विभागाच्या सचिवांकडे, मंत्रालयात. दिवाणी न्यायालयाला तिथे अधिकार नाही. अपील दिल्लीला. अंतर मिटवणाऱ्या तंत्रज्ञानाचा कायदा, आणि अक्कलकुव्याच्या माणसाने दाद मागायला मुंबई गाठायची. त्यामुळे आमच्याकडे लोक भरपाई सोडून फौजदारी फिर्यादच धरतात. हे कुणीतरी नीट लिहायला हवं. फाइलींवर काम करताना पीडितांची नावं प्रबंधात येऊ देऊ नका, एवढं पथ्य पहिल्या दिवसापासून.

कुठे करावं, यावर फार शब्द घालवत नाही. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात संशोधन पद्धती, तुलनात्मक सार्वजनिक कायदा असे सक्तीचे विषयही असतात, म्हणजे सगळं वर्ष सायबरच शिकाल असं समजू नका. पदवीच्या नावात "सायबर" असण्यापेक्षा मार्गदर्शक पुरावा कायद्यातला जाणकार आहे का, ते बघा. पुढे प्राध्यापकीचा विचार असेल तर साधारणपणे एलएलएमला ५५ टक्के आणि नेट-सेट लागतं. डिप्लोमा वाईट नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचा सायबर कायदा आणि फॉरेन्सिकचा पदव्युत्तर डिप्लोमा वकिली करताकरता लोक करतात. पण तो एलएलएमच्या जागी नको. आधी दोन वर्षं कोर्टात उभं राहून मग एलएलएमला गेलात तर मला जास्त आवडेल. घरी लग्नाचा विषय निघेल, तो तुमचा तुम्ही सांभाळा.

इंग्रजीची भीती तुम्ही लिहिली नाही, पण ती असणार. मलाही होती. अधिनियमाचा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून कलम वाचायचं, रोज एक निकाल, आणि त्याचा सार मराठीत एका पानात लिहायचा. सहा महिन्यांत पायात बळ येतं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर संकेतस्थळावर फुकट मिळतात.

लॅपटॉप जुना घेतला तरी चालेल, आठ जीबी रॅमचा. त्यावर एक साधा प्रयोग करा: स्वतःचा एक फोटो घ्या, त्याचा एसएचए२५६ हॅश काढा, तोच फोटो व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवून तिच्याकडून परत मागवा आणि पुन्हा हॅश काढा. दोन्ही ओळी का जुळल्या नाहीत ते शोधून मला लिहा, मग प्रबंधाच्या आराखड्याकडे वळू.